ब्रेकवर भूक लागणारं करडू

अलीमभाईच्या हातात टायर जगतं, जीव जगत न्हाई, असं त्याच्या बायकोचं, सालेहाचं, म्हणणं होतं आणि तिच्याकडं पुरावे होते. लग्नाच्या वर्षी पोपट गेला. उडून न्हाई, पिंजऱ्यातच. मंग कबुतरांची जोडी आणली, आधी नर गेला आणि मादी त्याच्या दुःखात गेली असं अलीमभाई सांगायचा, सालेहा म्हणायची उपाशी गेली. पोरगी शबनम लहान असताना तिला जालन्याहून पिशवीतले लाल मासे आणून दिले, आणि घरी काचेचं भांडं न्हाई म्हणून पंक्चर बघायच्या टाकीत सोडले, कारण पाणी तिथं आयतं होतं. मासे दुपारपर्यंत टिकले. तेवढ्यात त्यानं एक ट्यूबही त्याच टाकीत तपासली.

टायरचं मात्र वेगळं. शहागडला हायवेवर, गोदावरीच्या पुलाच्या जरा अलीकडं त्याचं पत्र्याचं दुकान आहे. तमिळनाडूपासून हरियाणापर्यंतचे ड्रायव्हर त्याला नावानं ओळखतात. जे टायर दुसऱ्यांनी फेकून द्या म्हणून सांगितलं ते अलीमभाईनं धुळ्यापर्यंत पोचवलंय. दुकान कधी बंद म्हणून राह्यलं न्हाई. शबनमच्या निकाहाच्या दिवशी सुद्धा पंगत उठल्यावर त्यानं नव्या शर्टावर दोन टायर काढले, कारण केळ्याची गाडी होती आणि केळी थांबत न्हाईत.

तर अशा माणसावर करडू सांभाळायची पाळी आली.

शेळ्या सालेहाच्या. तिच्या आईनं केदारखेड्याहून लग्नात एक काळी शेळी पाठवली होती, तिची पोर, तिच्या पोरीची पोर, असं करत करत घरात एक मादी कायम राह्यली. बाकीची पिल्लं विकली, ईदला गेली, पण एक मादी कायम. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. माहेरातनं आलेलं दुसरं काही आता घरात उरलं न्हव्हतं, भांडी सुद्धा न्हाई.

या वर्षी दिवाळीच्या आधी शेळी व्याली. दोन पिल्लं, एक मेलेलंच आलं, दुसरं मादी, जिवंत, काळं, कानावर पांढरे शिंतोडे. दोन दिवस आईचा चीक प्यालं आणि मंग शेळीच गेली. पोट फुगलं आणि गेली. त्याच सकाळी परभणीहून फोन, शबनमचं ऑपरेशन झालं, पोरगी झाली, अम्माला लवकर पाठवा. पहिलं बाळंतपण माहेरी झाल्तं, हे दुसरं सासरी, आणि तिच्या सासूचे गुडघे गेलेले. सालेहाला जाणं भाग होतं.

बसस्टॉपवर सालेहानं करडू पदराखालून काढून अलीमभाईच्या हातात दिलं.

"चीक पिया है, उतना अच्छा हुआ. मैं चिल्ले के चालीस दिन करके आती. आयी तो ये जिंदा दिखना."

"हौ."

"हौ नक्को बोलो. पोपट के टाइम भी हौ बोले थे."

अलीमभाईनं करडू या हातातनं त्या हातात घेतलं.

"अम्मा के बकरी का खानदान है ये," सालेहा म्हणाली. "ये गया तो खतम. फिर मेरेकू बाजार की बकरी लाके नक्को दिखाओ. घर में जनावर का नामच नक्को."

बस गेली. करडू ओरडलं. अलीमभाईनं त्याच्याकडं पाह्यलं आणि त्याला एकदम मासे आठवले.

घरी दिवसभर कोणी न्हाई, म्हणून करडू दुकानात आलं. ट्रकच्या एका फाटक्या टायरच्या आत पोतं अंथरलं आणि त्यात ठेवलं. करडाला टायर आवडलं. बाटली कोल्ड्रिंकची, तोंडाला सायकलच्या वालट्यूबचा, त्या बारीक रबरी नळीचा, तुकडा बसवला, त्यातनं दूध बरोबर येतं, ना जास्त ना कमी. या बाबतीत अलीमभाई कुठं कमी पडला न्हाई.

प्रश्न दुधाचा होता. शेजारी कल्याणचं चहाचं हॉटेल. दूध होतं, पण करडाला कोमट पाह्यजे, आणि कल्याण गॅसच्या बाबतीत कडक माणूस.

"तुझ्या बकरीसाठी येगळा गॅस पेटवू काय, अलीमभाई? गिऱ्हाईक आलं की दूध तापतंच. त्यातलं घे. तुला न्हाई म्हणालो का कधी?"

मंग तसंच ठरलं. ट्रक थांबला, ड्रायव्हर उतरला, कल्याणनं पातेलं चढवलं, की अलीमभाई बाटली घेऊन हजर. दोन-चार घोट करडाला. पुन्हा ट्रक आला, पुन्हा दोन-चार घोट. ठरवून कोणी केलं न्हाई. हायवेवर सगळ्याच गोष्टी ट्रक आल्यावर होतात, करडाचं जेवणही त्यात बसलं.

वर फोनवर सालेहानं सांगितलं, नर्स म्हणते लेकरू रडलं की पाजायचं, घड्याळ बघायचं न्हाई. ती नातीबद्दल बोलत होती. अलीमभाईला ते करडालाही लागू वाटलं. लहान पोट ते लहान पोट.

आता ट्रकचं असं असतं की ब्रेक मारून थांबला की खालून हवा सुटते. फुस्स. एअरब्रेकची हवा. हायवेवरच्या माणसाला तो आवाज ऐकू सुद्धा येत न्हाई इतका रोजचा. करडाला मात्र यायला लागला. फुस्स झालं की काही वेळात तोंडात कोमट दूध, हे त्याच्या ध्यानात आलं. आठवडा झाला न्हाई तर ट्रक फुस्स म्हणाला की करडू टायरातनं उभं, शेपटी फिरायला लागलेली, तोंडातनं लाळ, आणि ओरडणं असं की ड्रायव्हर दचकून स्वतःच्याच चाकाखाली बघायचे.

पुढं स्पीडब्रेकर होता. जे ट्रक थांबत न्हव्हते ते तिथं हळू व्हायचे आणि फुस्स करून निघून जायचे. करडाला थांबणारं आणि न थांबणारं कळत न्हव्हतं. ते ओरडायचं. आणि रडलं की पाजायचं हे अलीमभाईनं मनावर घेतलेलं होतं.

"हे करडू न्हाई अलीमभाई," कल्याण म्हणाला. "हा टोलनाका हाय. येणाऱ्या प्रत्येक गाडीमागं वसुली."

"पिऊ दे. जिवंत हाय ना?"

"जिवंत हाय. माझं दूध मेलं."

ड्रायव्हर लोकांना मजा वाटायची. एक पंजाबी ड्रायव्हर मुद्दाम ब्रेक दाबून फुस्स करायचा आणि व्हिडिओ काढायचा. करडाचं पोट टम्म दिसायला लागलं. अलीमभाईनं कौतुकानं सालेहाला व्हिडिओ कॉल लावला.

"पेट नक्को दिखाओ," ती म्हणाली. "कमर दिखाओ. हड्डी लगती क्या हाथ कू?"

त्यानं करडाचं तोंड दाखवलं. तोंड चांगलं दिसत होतं.

मंग दिवाळी आली.

दिवाळीत हायवे कसा होतो हे तिथं राहणाऱ्यालाच माहीत. ट्रकवाले आपापल्या गावाला जातात. रस्त्यावर मोटरसायकली, कारा, जीपा. ट्रक न्हाई. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी अलीमभाई दुकान उघडून बसला, कारण बंद करायची सवय न्हाई, आणि दुकानापुढं कुत्रं झोपलं होतं. करडू टायरात झोपलं होतं. शांतता होती. अलीमभाईला वाटलं, चला, याचीही सुट्टी.

करडू ओरडलं न्हाई. अलीमभाई वाट बघत बसला. मागेल तेव्हा द्यायचं, आणि ते मागत न्हव्हतं, म्हणजे भूक न्हाई. हिशेब सरळ होता. संध्याकाळी त्यानं आपणहून बाटली पुढं केली तर करडानं तोंड फिरवलं. पोट भरलेलं असंल, तो म्हणाला. कोणाला म्हणाला काय माहीत, तिथं कुत्रंच होतं.

दुसऱ्या दिवशी करडाचे कान गार लागले. उभं केलं तर मागचे पाय वाकले. नळी तोंडात घातली तर दूध ओठाच्या कोपऱ्यातनं निघून पोत्यावर गेलं, गिळलंच न्हाई. अलीमभाईनं परत घातली. परत तेच. तेवढ्यात सालेहाचा फोन वाजला. त्यानं उचलला न्हाई. पुन्हा वाजला. फोन त्यानं पान्यांच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

जनावरांच्या दवाखान्याला सणाची सुट्टी होती. तो कल्याणच्या दारात गेला. कल्याणची पोरगी अर्पिता जनावरांची डॉक्टरकी शिकते, तिसऱ्या वर्षाला, सुट्टीला आल्ती. ती करंज्या लाटत होती.

"बेटा, जरा बघती का," अलीमभाई म्हणाला. बास एवढंच. पण त्याचा चेहरा बघून ती हाताला पीठ तसंच ठेवून आली.

तिनं करडाच्या तोंडात बोट घातलं. करडानं चोखलं न्हाई. तिनं पाठीवरनं हात फिरवला. मणके एकेक करून हाताला लागले. पोट मोठं आणि पाठ वाळलेली.

"चाचा, दिवसातनं किती वेळा पाजता?"

"गाडी येईल तितक्यांदा."

"म्हणजे किती?"

"हायवे हाय बेटा."

अर्पितानं बापाकडं पाह्यलं. कल्याण म्हणाला, "माझ्याकडं नको बघू. मी पातेलं सांभाळतो."

मंग ती खाली बसली, टायराला टेकून, आणि सांगायला लागली. ती समजावून सांगते तेव्हा हात फार हलवते. पीठ उडत होतं.

"पोट रिकामं झालं ना चाचा, की जठरातनं एक हार्मोन निघतो. रक्तातनं डोक्यापर्यंत जातो. म्हणतो, भूक लागली. दूध आतड्यात उतरलं की दुसरे निघतात, ते म्हणतात, बास झालं. लहानपणी यांची सवय बसत असते. रोज एका टायमाला दूध दिलं की त्या टायमाच्या जरा आधीच भुकेवाला आपोआप निघतो. पोट तयार होऊन बसतं. तुम्ही दिवसभर घोट घोट देऊन राह्यलात. भुकेवाल्याला कामावर कधी यायचं तेच कळत न्हाई. बासवाला सारखा मधी मधी येऊन राह्यलाय."

अलीमभाईनं नीट ऐकून घेतलं. "हे दोघं आतच राहतात?"

"आतच."

"मंग आता भुकेवाला कुठं गेला?"

अर्पितानं हाताचं पीठ झटकलं. "ते मला नक्की सांगता येणार न्हाई. थर्ड इयरला आहे मी. पण टायमावर पाजून बघू. दिवसातनं चार वेळा. मधी काही न्हाई."

तिनं गुळाचं कोमट पाणी चमच्यानं थोडं थोडं जिभेवर सोडलं, करडाला पोत्यात गुंडाळलं, आणि ठरलेल्या टायमाला बाटली दिली. करडानं घेतली न्हाई. पुढच्या टायमालाही घेतली न्हाई. अर्पितानं तिच्या सरांना फोन लावला, तो लागला न्हाई. रात्रभर करडू अलीमभाईच्या पोटाशी होतं. त्याला झोप लागली का न्हाई हे त्यानं कोणाला सांगितलं न्हाई.

पाडव्याच्या सकाळी सर्जेराव ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॅक्टर धुतलेला, झेंडूच्या माळा, बॉनेटवर कुंकू, आणि पुढचं एक टायर बसलेलं.

"अलीमभाई, हवा भर जल्दी. पूजा झाली अन् गडी बसला. बायको म्हणती अपशकुन."

अलीमभाई करडाला तिथंच टायरात ठेवून उठला. कॉम्प्रेसर चालू केला. त्याचं ध्यान जाग्यावर न्हव्हतं, नळी टायरला नीट बसलीच न्हाई आणि निसटली. फुस्स.

अर्पिता करडाजवळ बसली होती. करडाचा एक कान हलला.

"चाचा, परत."

"काय परत?"

"हवा. परत सोडा हवा!"

अलीमभाईनं सोडली. फुस्स. करडानं मान उचलली. तोंडाच्या कोपऱ्यात लाळ आली.

"आरं माझ्या टायरात भर ना!" सर्जेराव ओरडला. "बाहेर काय सोडून राह्यला? गावाला वारा घालतो का?"

"थांब रे जरा," कल्याण म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा, एकही गिऱ्हाईक नसताना, त्यानं दुधाखाली गॅस पेटवला.

अर्पिता उभीच राह्यली होती. "ट्रक! ट्रकचा ब्रेक! याच्या पोटाला टायम माहीत न्हाई चाचा, याला आवाज माहीत आहे. आवाज झाला की भुकेवाला निघतो. दोन दिवस आवाजच झाला न्हाई!"

अलीमभाई नळी हातात धरून हवा सोडत राह्यला. फुस्स. फुस्स. अर्पितानं वालट्यूब करडाच्या तोंडात दिली. आधी जीभ हलली. मंग गाल आत गेले. मंग चप्प असा आवाज आला, आणि बाटलीत बुडबुडा वर गेला.

सगळे बाटलीवर वाकले. सर्जेराव सुद्धा.

"म्हणजे याला दूध नको होतं," शेवटी कल्याण म्हणाला, "हवा पाह्यजे होती."

अलीमभाईनं सर्जेरावच्या टायरात हवा भरली. इतकी भरली की सर्जेराव पुलापर्यंत सीटवर उडत गेला असं लोक सांगतात.

पण ट्रक परत येणार होते. अर्पितानं सांगितलं, इथं ठेवलं तर पुन्हा तेच. दिवसभर घोट घोट, पोट टम्म, पाठ वाळकी. आणि करडू पाला तोंडात घेणार न्हाई, कारण पाल्याकडं तोंड भूक लागली तरच वळतं, आणि पाला गेल्याशिवाय त्याचं रवंथाचं मोठं पोट तयार होत न्हाई, ते जन्मभर बाटलीवर राहील, म्हणजे फार जन्मच राहणार न्हाई. घरी न्यायचं. ब्रेकचा आवाज पोचणार न्हाई तिथं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्री एकदा. आणि दर वेळी कोणीतरी जायचं.

"कोण जाणार?" अलीमभाईनं विचारलं.

अर्पितानं त्याच्याकडं पाह्यलं. त्यानं मागं वळून बघितलं, मागं कोणी न्हव्हतं.

तर अलीमभाईनं शटर ओढायला सुरुवात केली. दिवाळी संपली, ट्रक आले, आणि दुपारी नेमक्या गर्दीला दुकान बंद. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. कल्याण चहा देता देता सांगायचा, "दूध पिलाने गया."

"किसको?"

"बच्ची को."

"इस उमर में?"

"हौ, आदमी मेहनती है," कल्याण म्हणायचा.

टायरासकट घरी नेल्यावर पहिली पंचाईत अशी की तिथं कॉम्प्रेसर न्हाई. अलीमभाईनं सायकलचा पंप नेला. पंपाचा आवाज बारीक, पण करडानं ओळखला. बाटली, पंप, बाटली, पंप. अर्पिता जायच्या आधी बघून गेली. तिनं सांगितलं, आवाज हळूहळू कमी करत आणा, टायम मात्र चुकवू नका. पोट टायम शिकेल, आवाज विसरेल. मंग पंपाचा वॉशर फाटला. अलीमभाईच्या दुकानात वॉशर डबाभर होते, पण करडू समोर उभं आणि दूध निवत चाललेलं. त्यानं तोंडानंच केलं.

"फुस्स."

करडू आलं.

त्यानंतर तो तोंडानंच करायला लागला. अंगणात उकिडवा बसून, डोक्यावर टोपी, हातात बाटली, फुस्स, फुस्स. शेजारच्या दुर्गाबाईनं एकदा भिंतीवरनं डोकं काढलं. तिच्या हातात काठी होती.

"अलीमभाऊ, साप निघाला काय?"

"न्हाई दुर्गाताई. करडाला जेवायला बोलवून राह्यलो."

दुर्गाबाईनं काठी खाली केली न्हाई. "सालेहा कधी येणार हाय?"

"येईल."

"लवकर बोलवा," ती म्हणाली.

अवघड काम पाजणं न्हव्हतं. न पाजणं होतं. दोन वेळांच्या मधी करडाला भूक लागायची आणि ते ओरडायचं, दारापर्यंत मागं यायचं, लुंगीचा काठ चोखायचं. शटर उघडायला पळायची घाई असायची आणि हे पायात. अलीमभाईला ते सहन व्हायचं न्हाई. एकदा त्यानं दिलंच दोन घोट, कोण बघतंय म्हणून. त्या दिवशी दुपारभर करडू टायरात झोपून राह्यलं. दुर्गाबाईच्या शेवग्याची फांदी अंगणात लोंबत होती, तिच्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यानं मन घट्ट केलं आणि बाटली घेऊन बाहेर निघून गेला. परत आला तेव्हा करडाच्या ओठाला शेवग्याचं एक पान चिकटलं होतं. खाल्लं न्हव्हतं, नुसतं चिकटलं होतं. अलीमभाई ते पान बराच वेळ बघत बसला, आणि बंद शटरपुढं थांबलेल्या उसाच्या गाडीवाल्यानं कल्याणला त्या दिवशी फार शिव्या दिल्या.

मंग एके दुपारी असं झालं. अलीमभाई गल्लीच्या तोंडाला होता, अजून दाराची कडी वाजवली न्हव्हती, फुस्स तर लांबच. आणि आतनं ओरडणं ऐकू आलं. दार उघडलं तर करडू उंबऱ्याला लागून उभं, शेपटी फिरायला लागलेली, लाळ गळायला लागलेली.

त्यानं आधी बाटली दिली. मंग अर्पिताला फोन लावला.

"आला," तो म्हणाला.

"कोण आला चाचा?"

"तुझा भुकेवाला. माझ्या आधी येऊन बसल्ता."

पलीकडनं अर्पिता ओरडली ती एवढी की करडानं बाटली सोडली. "चाचा! आवाज न करता?"

"काहीच न्हाई केलं. मी तर गल्लीत होतो."

नंतर त्यानं फुस्स बंद केलं. दुर्गाबाईला बरं वाटलं. शेवग्याचं मात्र तिला बरं वाटलं न्हाई, कारण करडू आता दोन पायांवर उभं राहून फांदी ओढायचं, आणि ती भिंतीवरनं म्हणायची, "माझ्या भाजीचं काय?" अलीमभाई म्हणायचा, "याच्या पोटाचं काम चालू हाय, दुर्गाताई." हे उत्तर तिला कधी पटलं न्हाई.

सालेहा न सांगता आली. चिल्ला पुरा व्हायला थोडे दिवस होते, पण शबनमची नणंद आल्ती आणि अलीमभाई फोनवर करडाबद्दल विचारलं की "हौ" म्हणायचा, नुसतं "हौ", आणि त्या हौवर तिचा काडीचा भरोसा न्हव्हता. बसमधनं उतरली तर भर दुपारी दुकान बंद. एवढ्या वर्षांत तिनं ते शटर दिवसा खाली पाह्यलं न्हव्हतं. कल्याण हाक मारत होता ती तिनं ऐकलीच न्हाई, पिशव्या घेऊन जवळजवळ पळतच निघाली, हे कल्याणनं नंतर सांगितलं.

अलीमभाई अंगणात पाण्याच्या ड्रमाजवळ बसला होता. दारात पिशव्या पडल्याचा आवाज आला. त्यानं वर बघितलं.

सालेहाला धाप लागली होती. तिनं अंगणावरनं नजर फिरवली. रिकामं अंगण, उकिडवा बसलेला नवरा.

"कब मरी?" तिनं विचारलं.

"कौन?"

ड्रमाच्या मागनं करडू आलं. तोंडात शेवग्याची अख्खी काडी, अर्धी आत अर्धी बाहेर. त्यानं सालेहाकडं बघितलं, ओळख न्हाई म्हणून ठरवलं, आणि चावत राह्यलं.

सालेहा खाली बसली. बुरखाही काढला न्हाई. करडाला जवळ ओढून आधी पाठीवरनं हात नेला, मानेपासून शेपटीपर्यंत, परत शेपटीपासून मानेपर्यंत. मणके मांसाखाली गेले होते. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. लाल होती, म्हणजे अंगात रक्त होतं. तोंडात बोट घातलं, करडानं जोरात चोखलं आणि बोटातनं काही येत न्हाई म्हणून ओरडलं.

"भूखी है ये," सालेहा म्हणाली आणि भिंतीला टेकवलेल्या बाटलीकडं हात नेला.

"नक्को," अलीमभाई म्हणाला.

"क्या नक्को?"

"टाइम नै हुआ."

सालेहानं नवऱ्याकडं पाह्यलं. आयुष्यभर तिनं शेळ्या पाळल्या, पिल्लू ओरडलं की आईखाली लावलं, आणि पोपट मारणारा माणूस तिला टाइम सांगत होता.

"मेरेकू सिखारे तुम? बकरियां कौन पाल्या इस घर में?"

"तुमीच पाले. बैठो जरा. इसके आईच नै है, इसलिए टाइम है. आई रहती तो टाइम कायकू लगता."

सालेहानं बाटली होती तिथंच राहू दिली. ती बसली. बुरखा काढून घडी घातली, मंग उलगडली, मंग पुन्हा घातली. शबनमच्या पोरीचं सांगितलं, नाक बापावर गेलंय. करडानं आधी थोडा आरडाओरडा केला, कोणी उठेना तेव्हा फांदीकडं गेलं, दोन-चार घास ओढले, आणि उन्हाच्या पट्ट्यात जाऊन पाय दुमडून बसलं. थोड्या वेळानं त्याच्या गळ्यात एक गोळा खालनं वर आला आणि जबडा आडवा फिरायला लागला.

"रवंथ कररी," सालेहा हळू आवाजात म्हणाली.

"हौ."

या हौला तिनं काही म्हटलं न्हाई.

मंग करडू आपणहून उठलं. कोणी हाक मारली न्हाई, काही आवाज झाला न्हाई. अंग झाडलं आणि सरळ अलीमभाईच्या गुडघ्याशी येऊन उभं राह्यलं, शेपटी फिरायला लागलेली. अलीमभाईनं बाटली उचलून सालेहापुढं धरली. तिनं हात पुढं केला, आणि मंग मागं घेतला.

"तुमीच पिलाओ," ती म्हणाली. "तुमना पहचानती वो."

तिनं पिशवीतनं फोन काढला आणि शबनमला लावला. अलीमभाई समोर बसलेला असून नसल्यासारखं ती जोरात बोलत होती. "हौ, पहुंच गई. हौ, जिंदा है. कमर भरी है उसकी. नै गे, झूठ कायकू बोलूं? तेरे अब्बाच पाले."

अलीमभाईनं बाटली तिरपी केली. ध्यान फोनकडं होतं. निम्मं दूध लुंगीवर सांडलं, करडू वैतागलं आणि त्यानं त्याच्या गुडघ्यावर डोकं आपटलं, आणि अलीमभाई तिथंच बसून राह्यला, हायवेवरनं हॉर्नवर हॉर्न येत होते तरी.